चोळायचं नाही!

आमच्या वृद्धाश्रमात मावशी कामाला आल्या आणि सगळ्यांची चंगळ झाली. वीस वर्षं त्यांनी घरोघरी मालिश करून पोट भरलेलं. कुणाची कंबर, कुणाचे गुडघे. त्यांचा हात लागला की माणूस घोरायलाच लागायचा. मी तिथली सिस्टर, स्वभावाने तापट. पण माझीही आखडलेली मान त्यांनी मोकळी करून दिली आणि मी विरघळले. नव्या माणसाला पहिल्या दिवशी जे शिकवते, ते त्यांना शिकवायचं राहूनच गेलं.

ड्रायव्हरकाकांनी उभा जन्म बस चालवली. आता अर्धांगवायूने खाटेला खिळलेले. त्यांच्या माकडहाडावर लाल चट्टा उठला. मावशींनी तो पाहिला आणि रोज सकाळी तेल लावून मनापासून चोळला. आठवड्याभरात कातडी फाटली आणि अंगठ्याएवढी जखम झाली.

"कुणी सांगितलं होतं चोळायला?" मी सगळ्यांदेखत कडाडले. "पडून पडून दाब येतो, रक्त पोचत नाही, आतलं मांस मरायला टेकलेलं असतं. त्यावर तुम्ही जोर लावताय?"

दुपारी मावशी पिशवी भरून माझ्यासमोर आल्या. "सिस्टर, हे हात आता कुणाला लावायचे नाहीत. जाते मी."

माझा राग सर्रकन उतरला. "चूक माझी आहे, चट्टा चोळायचा नसतो हे मीच शिकवलं नाही," असं म्हणताना जीभ जड झाली, पण म्हटलं. वर हेही ऐकवलं, "आणि जखम अर्धवट टाकून निघालात कुठे? ती भरेपर्यंत तरी थांबा."

थांबल्या. दर दोन तासांनी काकांना कुशीवर वळवायचं, फरफटत न ओढता चादरीसकट उचलून सरकवायचं, ओलं लगेच बदलायचं, सगळं शिकल्या. जखम भरायला पोटात अंडं-दूध जायला हवं म्हणून काकांशी घासाघासाला भांडल्या. पण ड्रेसिंगची वेळ आली की लांब उभ्या राहायच्या.

एकदा एका काळ्यासावळ्या आजींचे पाय पुसताना त्या थबकल्या. "सिस्टर, ही टाच गरम लागतेय. दुसरीपेक्षा टणकही आहे."

मी चष्मा लावून पाहिलं. रंगात काडीचा फरक नव्हता. काही नाही हो, असं म्हणणारच होते. पण हात लावला आणि टाच खरंच गरम लागली. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, बोटांना मात्र ऊब कळते. आम्ही पोटरीखाली उशी सरकवून टाच अधांतरी ठेवली. चार दिवसांत ती निवली. तेव्हापासून सकाळी सगळ्यांच्या टाचा, खुबे, कोपरं मावशी तपासतात आणि मी वही घेऊन त्यांच्या मागे फिरते. ड्रायव्हरकाकांच्या पाठीपाशी आल्या की मात्र म्हणायच्या, "ते तुम्हीच बघा."

तीन महिन्यांनी काकांचं शेवटचं ड्रेसिंग काढलं. खाली नवी, गुलाबी कातडी आली होती. मावशी हात मागे बांधून उभ्या.

"सगळ्यांना तपासतेस, माझीच गाडी तेवढी राहिली होय गं?" काका भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "लाव हात."

मावशींनी दोन बोटं टेकवली. नुसती टेकवली आणि कितीतरी वेळ तशीच ठेवली.

"गार आहे," त्या म्हणाल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या.

"आता पाठ भिजवू नकोस, बाई," काका म्हणाले.