हौसाचं नाव घेतलं तेव्हा

वाल्मीक शेडगे उरवड्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे, पण मुळशीत लोक त्याला ओळखतात ते आवाजावरून. लग्न असो, सत्कार असो, दहावा असो, माईक त्याच्याच हातात. भूगावच्या कार्यालयात फ्लॅटवाले पाहुणे असले की तो घासूनपुसून शहरी बोलतो. जांब्याला भाडेकरू जास्त असले की मधूनच हिंदी पेरतो. गावात आपली गावची भाषा.

"पाठ केलेलं भाषण म्हंजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा," असं तो म्हणायचा. त्याची रीत साधी होती. बोलायला उभं राहिलं की समोरचा एक चेहरा धरायचा. वाक्य त्या चेहऱ्याला लागलं की पुढं जायचं, नाही लागलं की वळण घ्यायचं. तो चेहरा नेहमी पहिल्या रांगेतला, खुर्चीवरचा, पुरुषाचा. बायका बाजूला सतरंजीवर बसायच्या. तिकडं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

मागच्या थंडीत तुकाबाईंचा दहावा झाला. घर पिढीजात मेंढरं राखणारं. मुलगा शंभू आता वाल्मीकच्याच कारखान्यात. धरणाच्या पाण्याला लागून घाट आहे, तिथं सगळे जमले होते. तुकाबाईंचे म्हातारे मालक, येसाजी, काठीवर हनुवटी टेकून पायरीवर बसले होते. 

पिंड मांडले. कावळे आले आणि कुंपणाच्या तारेवर ओळीनं बसले. एकही ओरडेना, एकही उतरेना.

शंभूनं हात जोडले. "आये, आबाला आमी अंतर देनार न्हाई."

कावळे हलले नाहीत.

"धाकट्या भनीचं लगीन मीच करून देतो, आये."

तरी नाही. उन्हं वर आली तरी पाण्यावरचं धुकं उठलं नव्हतं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. कुणीतरी म्हणालं, "वाल्मीक, तवर तू बोल चार शब्द."

वाल्मीक उभा राहिला. माउलीचे कष्ट, लेकराचा संसार, सगळं नेहमीसारखं बोलू लागला. पण पहिल्या रांगेतला एकही चेहरा त्याला धरता येईना. सगळ्यांच्या माना तारेकडं वळलेल्या. शब्द तोंडातून निघून कुठंच पोचत नव्हते. तेव्हा त्यानं पहिल्यांदाच बायकांकडं पाहिलं.

तिथं एकच चेहरा त्याच्याकडं वळलेला होता. रत्नाबाई, तुकाबाईंची धाकटी जाऊ. पापणी लवत नव्हती आणि ओठ हलत होते. वाल्मीक बोलत राहिला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की ते ओठ त्याच्या शब्दाच्या आधी हलताहेत. तो 'संसार' म्हणायच्या आत तो शब्द त्यांच्या ओठांवर येऊन गेलेला असे.

थांबायला हवं होतं. पण इतकी वर्षं समोरच्या चेहऱ्यामागून जायची सवय होती. तो गेला.

"तुके," तो म्हणाला. तुकाबाई नव्हे, तुके. तारेकडच्या माना त्याच्याकडं वळल्या. "तू लेकासाठी थांबली न्हाईस. हौसासाठी थांबलीयास. पोर पान्याकडं गेली ती आली न्हाई. त्या दिसापासनं तिचं नाव ह्या घरात कुनी काढलं न्हाई. तुलाबी काढू दिलं न्हाई."

शंभू उठला. "कोन हौसा?"

 मग येसाजी काठी टेकत उभे राहिले. "तुजी थोरली भन," ते म्हणाले. "तुज्या आदीची. मीच म्हनलं व्हतं, नाव काढायचं न्हाई." आणि पाण्याकडं वळून, लहान पोराला जेवायला हाक मारावी तशी त्यांनी हाक मारली, "हौसा! ये गं!"

तारेवरचा एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. मागोमाग सगळे उतरले. तेव्हाही ओरडला कुणी नाही.

लोक पांगल्यावर वाल्मीक रत्नाबाईंपाशी गेला. "मावशी, तुमाला हौसाचं ठाऊक व्हतं, तर मला आदीच का न्हाई सांगितलं?"

त्यांची सून रेश्मा शेजारीच होती. ती म्हणाली, "त्यांच्याकडं तोंड करून सावकाश बोला. त्यांना ऐकू येत न्हाई."

त्यानं पुन्हा विचारलं. रत्नाबाई त्याच्या ओठांकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला कुटलं ठाऊक, लेका? म्या लई मागनं आले ह्या घरात. तुजं तोंड बगून तू म्हनशील ते म्हनत व्हते, म्हंजी मला उमजतं. हौसाचं तू सांगितलंस तवा कळलं."

त्यानंतर त्यानं काही लग्नांना नाही म्हणून सांगितलं. कारखान्यात शंभूनं विचारलं, "खरं सांग, कुनी सांगितलं तुला?" "कुनीच न्हाई," वाल्मीक म्हणाला, पण शंभूचा विश्वास बसला नाही. दोघं अजून एकाच लाईनला उभे राहतात, पण डबा वेगळा खातात.

हळूहळू तो परत बोलू लागला. आता दहाव्याआधी तो त्या घरी जातो, चुलीपाशी बायकांत बसतो आणि विचारतो, "कुनाचं नाव घ्यायचं राहिलंय का?" कधी बायका एकमेकींकडं बघतात आणि चुलीत लाकूड सारतात. मग तो चहा घेऊन उठतो, जोर करत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका दुपारी येसाजी त्याच्या दारात आले. ओट्यावर टेकले.

"ती आनखी काय म्हनली का रं?"

"कोन, आबा?"

"पोर. राग हाय का तिला माजा?"

वाल्मीकनं म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला. त्या चेहऱ्याला काय लागेल, हे त्याला लख्ख कळत होतं. एक वाक्य पुरलं असतं. तसली वाक्यं तो आयुष्यभर देत आला होता.

"मला ठाऊक न्हाई, आबा," तो म्हणाला.

येसाजींनी मान हलवली. पण उठले नाहीत. वाल्मीक त्यांच्याशेजारी बसला, आणि पायरीवरून ऊन सरेपर्यंत दोघं तिथंच होते.