डागाखालचा खोकला

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आम्ही बौद्ध. आमच्या घरात अंगारा-धुपारा, भगत, उतारा या सगळ्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवलेलं. त्यात मी धुळ्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते, म्हणजे पुरावा मागायची सवय हाडीमासी खिळलेली. तरीही जे झालं ते झालं...

माझे वडील, नाना. गाव नरडाणा, नोकरी भुसावळला रेल्वेच्या ऑफिसात, आवक-जावकच्या टेबलावर. आलेलं आणि गेलेलं प्रत्येक पत्र त्यांच्या हातून जायचं. शिक्षण मॅट्रिक, पण इंग्रजी ऑफिसात मुरलेलं. आणि अक्षर कुणाचंही, कसंही असो, नाना वाचणारच. साहेबलोक स्वतःचीच टिपणं घेऊन यायचे, "जरा बघा हो, मी काय लिहिलंय!" म्हणून. ही थाप नाही, मी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नाना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे धुळ्याला आले होते. डॉक्टरांनी तारीख पुढची दिली, कारण साखर वाढलेली. दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नाही, म्हणून कूलरसमोर बसून मी माझा एक उद्योग करायचे. अमेरिकेतल्या एका संग्रहालयाने त्यांच्या सुरुवातीच्या पुढाऱ्यांची जुनी पत्रं स्कॅन करून इंटरनेटवर टाकली आहेत. देश नुकताच स्वतंत्र झालेला, तेव्हाची. जगभरातून कुणीही ती वाचायची आणि टाइप करून पाठवायची. सरकारी कामाची पत्रं, पण शेवटी घरच्या चार ओळी असतातच. वर हद्दीवरून, तहावरून कडाक्याचं भांडण आणि खाली "वहिनींना नमस्कार सांगा". मला त्याची फार गंमत वाटायची.

त्या दुपारी एका मंत्र्याने आपल्या जुन्या मित्राला लिहिलेलं पत्र उघडलं होतं. दोघांचं राजकारणात फाटलेलं. वरचं सगळं पत्र थंड, नियमाला धरून. शेवटच्या ओळीवर मात्र शाईचा डाग, काळाकुट्ट. नियमाप्रमाणे मी तिथे "वाचता येत नाही" असं टाइप करत होते. तेवढ्यात मागून नाना त्यांच्या गावच्या बोलीत म्हणाले,

"असं का लिखी ऱ्हायनी? वाचता येस ना."

"नाना, डाग आहे तो!"

"पोरगीना खोकला कमी व्हयना का, असं इचारेल शे."

आणि ते अख्खं इंग्रजी वाक्य त्यांनी संथपणे वाचून दाखवलं. कुठेही न अडखळता... एका डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू, दुसऱ्यात कच्चा. त्या दिवशीचा पेपरसुद्धा मीच त्यांना वाचून दाखवला होता.

मी स्क्रीनचा उजेड वाढवला, चित्र मोठं केलं, उलटंपालटं केलं. काळं ते काळंच. आणि इथे मी चूक केली. नानांवरच्या भरवशाने मी ते वाक्य तसंच टाइप करून पाठवून दिलं.

आठ दिवसांनी तिथल्या तपासणाऱ्या बाईंचा ईमेल आला. शब्द सभ्य, पण अर्थ जोड्याने मारल्यासारखा. न दिसणारा मजकूर मी अंदाजाने, पदरचा घातला म्हणून माझं काम थांबवण्यात आलं होतं.

नानांनी मला तो मेल वाचायला लावला. मग चष्मा काढून खाटेवर ठेवला.

"मन्ही बठ्ठी नोकरीमा मी मनाथीन एक अक्षर नही वाचं," सगळ्या नोकरीत पदरचं एक अक्षर वाचलं नाही, एवढंच बोलले.

त्या दिवसापासून त्यांनी कागदाला हात लावणं सोडलं. लाइटचं बिल आलं तरी "तूच पाय", तूच बघ, म्हणून माझ्याकडे सरकवायचे. जन्मभर ज्या एका गोष्टीवर हा माणूस ताठ मानेने चालला, ती मी माझ्या घाईने मातीत घातली होती. मला रडू यायचं.

दिवाळीच्या सुमारास, नाना अजून माझ्याकडेच होते, पुन्हा ईमेल. त्या मंत्र्याने स्वतःजवळ ठेवलेली पत्राची स्थळप्रत दुसरीकडे कुठेतरी सापडली होती आणि डागाखालचं वाक्य त्यात होतं! नानांनी वाचलेलंच. फक्त एक शब्द वेगळा... खोकला नव्हे, ताप. बाईंनी माफी मागितली होती. "ताप" अशी दुरुस्ती मान्य केली तर पत्राखाली वाचणाऱ्याचं नाव देऊ, तुमचा अंदाज थक्क करणारा आहे, असंही लिहिलं होतं.

मी नाचतच खाटेपाशी गेले. नानांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"ताप नही. खोकला."

"नाना, त्याच्या स्वतःच्या नकलेत आहे! आता हो म्हणा ना, नाव लागतंय!"

"स्थळप्रत म्हंजे धाडेल पत्र नही, बेटा. साहेब सही करताना शब्द बदली टाकस, नक्कल तशीच राही जास. आम्ही रोज पायेल शे."

दोन दिवस मी धुसफुसत होते. पुन्हा हसं झालं तर? पण नानांचा चेहरा बघवेना. शेवटी लिहून टाकलं: माझे वडील "खोकला" यावर ठाम आहेत, मूळ कागद तपासावा.

महिना गेला. मग एका सकाळी फोटो आला. मूळ पत्र त्यांनी खास प्रकाशात धरलं होतं. डाग फिकट झालेला आणि खाली तो शब्द.

खोकला.

आज त्या पत्राखाली नानांचं नाव आहे, आजोबांच्या नावासकट. नानांच्या हट्टामुळे पुढे "नरडाणा" हेही आहे. मी वर्गात ते पान पडद्यावर दाखवलं तेव्हा नाना पहिल्या बाकावर इस्त्रीच्या शर्टात बसले होते. पोरं उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि माझी छाती भरून आली होती, खोटं कशाला बोलू!

डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले शक्यच नाही. संग्रहालयाच्या फोटोवाल्यांनी आम्ही पाहिलेला स्कॅन तपासला, त्या डागात काहीच नाही. जे जगात कुणीच पाहिलं नव्हतं, ते नानांना दिसलं कसं? त्यांनाच विचारलं तर म्हणतात, "दिखनं, वाचं." आणि लगेच, "ती पोरगी बरी व्हयनी का?" त्या पत्राचं उत्तर अजून कुठे सापडलेलं नाही. मी शोधते आहे.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा. भूत म्हणा, योगायोग म्हणा, चालेल. फक्त माझ्या वडिलांनी अंदाज केला, असं म्हणू नका.