नक्षी कापलेले टायर

कळंबोलीतलं ते पाचवं दुकान. आमचे हे उकिडवे बसून एका नव्याकोऱ्या टायरवर अंगठा दाबत होते आणि मला त्यांच्या मानेकडे बघूनच कळलं, हाही नापास. आधी मान जरा डावीकडे कलते, मग उभे राहतात, हात पँटला पुसतात आणि म्हणतात, बघू पुढं. तस्संच झालं. माझं डोकं असं तापलं की दुकानदाराने मागवलेला चहा अर्धा टाकून मी उठले.

शनिवारची दुपार होती. सोमवारी सकाळी महाप्याच्या एका कंपनीतून सोलार पॅनल आणि बॅटऱ्या भरून आमची पिकअप कर्जतच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका पाड्यावरच्या शाळेपर्यंत जायची होती. हे काम दोनदा पुढे ढकललं गेलं होतं आणि दोन्ही वेळा आमच्याकडून. कंपनीतल्या साहेबांनी शुक्रवारी मलाच फोन केला. अगदी गोड आवाजात म्हणाले, वहिनी, सोमवारी गाडी लागली नाही तर डोंगरावरचं सगळं काम मी दुसऱ्याला देतो, मग मनाला लावून घेऊ नका. डोंगरावरचं काम म्हणजे आमचं अर्धं पोट. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेतलीच होती त्याच्यासाठी. सपाटीवर माल टाकणाऱ्या पिकअप नवी मुंबईत ढिगाने पडल्यात, त्यात आम्हाला कोण विचारतो.

आणि अडलं होतं कशावर, तर टायरवर. जुन्या टायरवर मी वर जाणार नाही, असं यांनीच श्रावणात जाहीर केलं होतं. मी म्हटलं, बरं, बदलू. चिखल, दगड, डांबर सगळीकडे धरून चालणारे ऑल-टेरेन टायर घालू, तेही चारही. तेव्हापासून हा तिसरा शनिवार, आम्ही कळंबोलीला खेटे घालतोय. एका टायरची बाजू पातळ. एकाचे गट्टू, म्हणजे वरचे ते रबराचे ठोकळे, फार लांब लांब, डांबरावर आवाज करणार. एकावर कोरलेली तारीख जुनी, म्हणजे टायर न वापरलेला पण गोदामात पडून पडून वाळलेला. ही तिन्ही कारणं खरी होती, मी नाही म्हणत नाही. पण चौथ्या दुकानात हे म्हणाले, रबराचा वास बरा नाही. वास! हा माणूस बाजारात भेंडी घेताना एक मोडून बघत नाही. समोरचा देईल ती पिशवीत घालून आणतो आणि घरी येऊन माझी बोलणी खातो.

मी एकटी असते तर पहिल्याच दुकानातून चार टायर उचलले असते. पण आमच्याकडे एक रीत आहे, माझ्या बाबांची. घणसोली गावात आमची भाताची खाचरं होती. नवी मुंबईसाठी जमीन गेली तेव्हा बाबांनी ट्रक घेतला आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारात लावला, पुढे दुसराही घेतला. त्यांचं म्हणणं एकच. टायर मालकाने पसंत करायचा नाही. ज्याला त्या टायरवर जीव ठेवून बसायचंय त्याने अंगठा दाबायचा, त्याने हो म्हणायचं, मगच मालकाने पाकीट काढायचं. ड्रायव्हर नाही म्हणाला की बाबा निमूट पुढच्या दुकानात जायचे. फ्रॉक घालायचे तेव्हापासून मी हे बघत आले.

हे मूळचे साताऱ्याकडचे. महाप्याला एका कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून आले आणि आमच्याच घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिले. भाडेकरूने मालकाची मुलगी केली म्हणून गावात काय काय बोललं गेलं ते जाऊ दे. बाबांनी मात्र, पोरगा टायर नीट बघतो, एवढ्यावर होकार दिला. आता बाबा नाहीत. पिकअप हे चालवतात आणि तिची देखभाल माझ्याकडे. ट्रकवाल्याची मुलगी, मला सगळं कळतं, हा माझा तोरा.

त्या तोऱ्यातच जूनमध्ये मी एक काम करून बसले होते. हे पेरणीसाठी दहा दिवस गावी गेले होते. टायर घासून पार गुळगुळीत झाले होते. मी चुलतभावाला स्टेअरिंगवर बसवलं, गाडी कळंबोलीला नेली आणि चारही टायरवर नक्षी कापून घेतली. म्हणजे गरम पातीने घासलेल्या रबरात पुन्हा खाचा पाडायच्या. लांबून टायर नवा दिसतो. बाबा ट्रकच्या टायरला हे नेहमी करून घ्यायचे. ट्रकच्या टायरला त्यासाठी जाड रबर राखलेलं असतं, छोट्या गाडीच्या टायरला कापायला काही उरलेलंच नसतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कापणारा तसं पुटपुटला होता, ताई, पिकअपला हे करत नाहीत. मी त्याला सुनावलं की माझे बाबा तुझ्या जन्माच्या आधीपासून करून घेतायत. हे गावाहून आले, गाडीभोवती एक फेरी मारली, खाचांतून बोट फिरवलं आणि म्हणाले, झ्याक केलंस. मला काय आनंद झाला होता. ड्रायव्हरने अंगठा दाबायची रीत तेव्हा मला आठवलीसुद्धा नाही.

पाचव्या दुकानातून बाहेर पडलो आणि गाडीत बसल्या बसल्या मी यांना धारेवर धरलं. काम सोडायचंय का? गावी परत जायचंय? तर तसं तोंडाने सांगा, माझा शनिवार कशाला फुकट घालवता? हे समोरच्या ट्रेलरकडे बघत बसले. हे गप्प राहणं आषाढापासूनचं होतं. जेवताना मधेच घास हातात धरून थांबायचे. सपाटीची कामं करायचे, पण डोंगराचं नाव काढलं की रस्ता खचलाय, दरड आलीय, काहीतरी निघायचंच. त्याच सुमाराला गाडीच्या मागच्या फाळक्याला एवढा मोठा पोचा आणला. विचारलं तर म्हणे महाप्याला रिव्हर्स घेताना भिंत लागली. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला भिंत दिसत नाही म्हणून मी दोन दिवस टोमणे मारले होते.

आता ते सगळं एकत्र आठवलं आणि मी घाबरले. यांचे डोळे गेले की काय? डोळे अधू झालेत आणि हा माणूस लपवतोय? मी रस्त्यावरच्या एका पाटीकडे बोट दाखवून विचारलं, काय लिहिलंय ते वाचा. यांनी घडाघडा वाचून दाखवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की वेड लागलं का हिला. डोळे ठीक होते. भीती काही गेली नाही, उलट आता ती कशाची तेच कळेना.

सहावं दुकान बाबांच्या ओळखीच्या काकांचं. खाडीकाठच्याच एका गावातले, केस पांढरे, कमरेला लुंगी. त्यांनी मला ओळखलं, बाबांची आठवण काढली आणि आतून चार ऑल-टेरेन टायर काढून आणले. मी एकेक उभा करून तपासला. तारीख याच वर्षातली. बाजू जाड. गट्टू जवळ जवळ, कडेला दगड धरायला खाचा. वजन पेलायचा आकडा आमच्या मालापेक्षा वरचा. नाव ठेवायला जागा नव्हती. हे उकिडवे बसले. अंगठा दाबला. बराच वेळ दाबून धरला. मी मानेकडे बघत होते, आणि मान डावीकडे कलली. रबर कडक वाटतंय, म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुकानात चार माणसं उभी होती, मी कुणाची भीडभाड ठेवली नाही. काय काय बोलले ते लिहायलाही लाज वाटते. शेवटी मी स्वतः वाकले, टायरवर माझा अंगठा दाबला आणि काकांना सांगितलं, हे चार घाला, मी पसंत केलेत. बाबांची रीत मी बाबांच्याच बाजारात, सगळ्यांच्या देखत मोडली. हे बाजूला सरकून शटरला टेकून उभे राहिले.

काकांनी कारागिराला खूण केली. त्याने जॅक लावला, मागचं डावं चाक काढलं, टायर रिमवरून उतरवून काकांकडे ढकलला. काका तो सावकाश फिरवत गेले आणि एका जागी थांबले. मग त्यांनी माझा हात धरून माझं बोट त्या खाचेत टेकवलं. काहीतरी टोचलं.

"ही टायरच्या आतली तार हाय, पोरी," काका म्हणाले. "रबर कापता कापता तारेपरत गेलाय तो."

मी बोट काढून घेतलं. काका उठून गाडीच्या मागे गेले, फाळक्याच्या पोच्यावरून हात फिरवला. पत्र्याच्या घडीत काहीतरी अडकलं होतं, ते त्यांनी नखाने उपसून काढलं आणि तळहातावर घेतलं. झाडाची साल होती. भिंतीला साल नसते, एवढं मलाही कळतं. काका यांच्याकडे वळले.

"जावय, गारी माघारी घसरली व्हती ना?"

यांनी मान हलवली. मग खाली बघत, तुटक तुटक, सगळं सांगितलं. आषाढात त्याच पाड्याच्या चढावर, माल भरलेला असताना, चाकं जागच्या जागी फिरायला लागली. नक्षी होती, पण ती काही धरेना. हमाल चाकामागे दगड लावायला खाली उतरला, तेवढ्यात गाडी मागे सरकायला लागली. ब्रेक दाबला तरी सरकतच राहिली. मागे एक झाड होतं, त्याला टेकली आणि थांबली. हमालाला शपथ घातली की वहिनींना सांगायचं नाही.

मला का नाही सांगितलं, एवढंच मी कसंबसं विचारलं.

"काय सांगायचं? तू हौसेनं नक्षी कापून घेतलीस. तुझ्या बाबांची रीत. तुला लागलं असतं." मग म्हणाले, "आन् टायर पसंत पडला की वर जावं लागंल. म्हनून पडत न्हवता."

मी तिथेच एका टायरवर मटकन बसले. जो माणूस माझ्या हातच्या कापलेल्या टायरवर मरता मरता वाचला, त्यालाच मी त्या पोच्यावरून दोन दिवस टोचत होते. आत्ता चार माणसांत त्याचा पाणउतारा केला तो वेगळाच. अशी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. रडूही येईना. काकांनी पाण्याची बाटली पुढे केली, ती मी नुसती हातात धरून बसले.

कारागीर पाना हातात घेऊन थांबला होता. पुढचं चाक काढू का, असं त्याने विचारलं. मी यांच्याकडे बघितलं.

"तुम्ही परत दाबून बघा," मी म्हटलं. "मघाशी मी पसंत केला तो धरू नका. नको वाटला तर नको. काम गेलं तर जाऊ दे, मी साहेबांना फोन करते."

मी ते मनापासून म्हटलं होतं. फोन हातात काढलाही होता. हे शटरपासून पुढे आले, उकिडवे बसले, अंगठा ठेवला. मी मानेकडे बघायचं टाळलं, रस्त्याकडे तोंड केलं. मागून यांचा आवाज आला.

"चांगलाय. मघाशीबी चांगलाच होता."

चारही टायर घातले. स्टेपनीलाही पाचवा घेतला, तो मात्र यांनी एका झटक्यात पसंत केला. जुने टायर कारागीर कोपऱ्यात रचायला लागला. तसे टायर पुढे जातात, कुणीतरी पुन्हा घासूनपुसून, कापून विकतो, आणि माझ्यासारखी कुणीतरी शहाणी ते घेते. मी त्याच्याकडून पाती मागून घेतली. माझ्या हाताला ते रबर आवरेना, तेव्हा काकांनी वरून हात धरला. पाचही जुन्या टायरच्या बाजू आम्ही आरपार चिरल्या. मग काकांच्या घरातून लिंबं आली, चार चाकांखाली चार ठेवली. हे स्टेअरिंगवर बसले आणि गाडी लिंबांवरून पुढे घेतली.

सोमवारी मीही केबिनमध्ये बसले. यांनी नको म्हटलं नाही. चढ सुरू झाला तशी यांची बोटं स्टेअरिंगवर पांढरी पडली. मी तोंड मिटून बसले होते, आणि मला तोंड मिटून बसणं किती जड जातं हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. एका जागी चाक जरासं फिरलं, मग गट्टूंनी दगड धरला आणि गाडी वर सरकली. वळणावर यांनी नजर न हलवता हनुवटीने डावीकडे खूण केली. हेच झाड. मी मान हलवली, थांबा म्हटलं नाही.

वर शाळेपाशी माल उतरत होता तेव्हा मी एकटी चालत खाली त्या झाडापाशी आले. बुंध्यावर फाळक्याच्या उंचीला साल निघून लाकूड उघडं पडलं होतं. मी त्याच्यावर हात ठेवला. मग झाडाच्या मागे गेले. तिथून जमीन तुटली होती आणि खूप खाली, ढगांच्या फटीतून, कुठल्यातरी गावाची कौलं दिसत होती. झाडापासून कडेपर्यंतची जागा मी पावलांनी मोजली. दोन पावलं भरली, आणि माझी पावलं लहान आहेत. वरून यांची हाक आली, चल म्हणून. मी लगेच ओ दिली नाही. आवाज रडवेला निघाला असता, आणि यांना अजून ती उतरण उतरायची होती.