तणसात बांधलेली सायकल

माझ्या साडूंइतका हट्टी माणूस गोंदिया जिल्ह्यात दुसरा नाही, असं मी पूर्वी सांगत असे. आता ती जिल्ह्याची हद्द मी काढून टाकली आहे. त्यांच्याबरोबर मी थेट ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन आलो, तिथल्या विमानतळावर, रस्त्यावर आणि समुद्रकिनाऱ्यावर चांगला आठवडाभर डोळे उघडे ठेवून वावरलो, आणि त्यांच्या तोडीचा माणूस मला तिथेही आढळला नाही.

तिरोड्याच्या अलीकडे एका गावात त्यांची राइस मिल आहे. वय छप्पन्न, उंची बेताची, मिशी भरघोस, आणि विजारीच्या उजव्या खिशात बारा महिने एक पाना. हा पाना ते लग्नाला नेतात, बारशाला नेतात, दहाव्यालाही नेतात. 'दुरुस्तीला मिस्त्री बोलावणं' हा प्रकार त्यांना स्वतःचं जेवण दुसऱ्याला चावायला देण्यासारखा वाटतो. नागऱ्याला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. मुहूर्त आला, भटजींनी "मुलीच्या मामांना बोलवा" असा पुकारा केला आणि मामा कुठेच सापडेनात. शेवटी मांडवामागे जनरेटरखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. "मामा, मुहूर्त टळून राहिला!" असं कोणी ओरडलं, तर खालून आवाज आला, "मुहूर्तापायीच त करून राहिलो बापा! अंधारात कोनाच्या गळ्यात माळ पडंल, काई नेम हाये का?" नवरी मांडवात आली तेव्हा मामाच्या पांढऱ्या सदऱ्यावर ऑइलचा असा काही नकाशा उमटला होता की लग्नाच्या अल्बममध्ये आजही लोक आधी तो पाहतात आणि नवरीकडे मग वळतात.

त्यांची दुसरी श्रद्धा म्हणजे तणस. धान झोडून झाल्यावर जे वाळलेलं तणस उरतं, ते आमच्याकडे बैल खातात. साडू त्यात सामान बांधतात. आंबे तणसात, काचेच्या बरण्या तणसात, मुलीच्या सासरी पाठवलेला टीव्हीसुद्धा तणसात. आमच्या लग्नात त्यांनी दिलेला कपबशांचा संच असाच आला होता. त्यातली एकही कपबशी फुटली नव्हती हे कबूल केलं पाहिजे. पण पहिली दोन वर्षं आमच्या घरी आलेल्या पाहुण्यांना चहात एखादी काडी हमखास मिळत असे.

अशा माणसाच्या हाती एके दिवशी पुतण्याचा मोबाइल पडला. त्यात काही लोक पाण्यातून धापा टाकत बाहेर येऊन सायकलीवर बसत होते आणि सायकलीवरून उतरून पळत सुटत होते. साडूंनी ते सगळं पाहिलं आणि विचारलं, "हे लोक एकामागून एक तीन-तीन कामं काऊन करून राहिले? कोनी मागं लागलं का त्याईच्या?" पुतण्याने सांगितलं, की याला ट्रायथलॉन म्हणतात आणि लोक हौसेनं करतात. त्यानंतर साडू अर्धा तास गप्प बसले. ते गप्प बसले की घरातली माणसं घाबरतात. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आतूनच म्हणाली, "आता काहीतरी निघते."

निघालं ते असं, की पन्नाशी ओलांडलेला हा माणूस गावतलावावर मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्या ढिवराकडे पोहायला शिकायला गेला. पहिल्या दिवशी त्यांनी पोटात इतकं पाणी घेतलं, की तलावाची पातळी बोटभर उतरली असं गावात अजून सांगतात. म्हातारा काठावर बसून ओरडत होता, "मालक, पान्यासंगं भांडू नोका!" पण न भांडता एखादी गोष्ट करायची साडूंना सवयच नव्हती. मग सायकल आली. सकाळी तिरोडा रस्त्यावर हा मनुष्य डोक्याला टोप घालून, पाठीत वाकून जिवाच्या आकांताने सायकल हाणताना दिसला, की शेताला निघालेले लोक बांधावर थांबून काळजीने विचारत, "कोन गेलं जी?" धावायला लागल्यावर तर प्रत्येक मोटारसायकलवाला शेजारी येऊन गाडी हळू करी. "बसा मालक, सोडून देतो." नको म्हटलं तर तो दुखावला जाई. एकदा ओळखीच्या माणसाचं मन मोडवेना म्हणून साडू दोन किलोमीटर बसून गेले, आणि दुसऱ्या दिवशी ते दोन किलोमीटर जास्तीचे पळून आले.

नागपूरकडच्या दोन लहान स्पर्धा त्यांनी वेळेत पूर्ण केल्या आणि मग जाहीर केलं, "आता समुद्रात पाहू." समुद्र त्यांनी तोवर पाहिलेला नव्हता. मुंबईचा समुद्र त्यांना जवळचा वाटला असावा, कारण त्यांनी थेट ऑस्ट्रेलियातल्या एका किनाऱ्यावरच्या स्पर्धेत नाव घातलं. एकोणीसशे मीटर पोहणं, नव्वद किलोमीटर सायकल आणि एकवीस किलोमीटर धावणं. ताईचा फोन मला आला. "तुम्ही जन्मभर इंग्रजी शिकवलं ना? मग जा यांच्यासंगं. एकटे गेले तर तिकडंच काहीतरी खोलून बसतील." मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकताच निवृत्त झालो होतो. नाही म्हणायला काही कारणच उरलं नव्हतं.

सायकल विमानातून न्यायची म्हणजे ती सुटी करून पेटीत बसवावी लागते. नागपूरच्या दुकानदाराने पेटी दिली, आत घालायला फोमही दिला. साडूंनी फोमला अंगठ्याने दाबून पाहिलं आणि तो बाजूला ठेवला. "हा फोम कोनी वापरून पाह्यला? तणस आपलं पाहून ठेवलं हाये." चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला कुठे बोलावं हे कळत नाही, पण कुठे बोलून उपयोग नाही हे पक्कं कळतं. चाकं, हँडल, पॅडल, सगळं तणसात एखाद्या तान्ह्या बाळासारखं निजवून आम्ही गोंदियाहून हावड्याची गाडी धरली आणि कोलकात्याहून विमान.

ऑस्ट्रेलियात उतरण्याआधी एक छापील कागद भरायचा असतो. सोबत गवत, बियाणं, माती, धान्य असं काही आहे का, असं त्यात विचारलं होतं. मी खोटं लिहिणाऱ्यांतला नाही. परिणामी विमानतळावर हातमोजे घातलेल्या एका तरुण मुलीने पेटी उघडली आणि ती चक्क एक पाऊल मागे सरली. तिने मला हे काय आहे असं विचारलं. मी माझं सगळं इंग्रजी एकवटून सांगितलं, की हे भाताचं तणस आहे आणि सायकलीच्या सुरक्षेसाठी आहे. तिला माझा एकही शब्द कळलेला दिसला नाही. मागून साडू म्हणाले, "तिले सांगा, यंदाचंच हाये. किडकं नाही." तिने पुन्हा विचारलं. साडूंनी एक काडी उचलली, दातात धरून दाखवली आणि हसले. त्यानंतर आणखी तीन माणसं आली.

माणसं फार सभ्य होती. परक्या देशाची कीड आपल्या शेतात येऊ नये एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते ऐकून साडूंनाच ते पटलं. "बरोबर हाये. आपल्याकडं कोनी असं पाह्यलं असतं त धानावर मावा कायले आला असता?" तणस मोठ्या पिशवीत भरून नष्ट करायला गेलं. टायरांना आमच्या बांधावरची माती लागलेली होती, तीही त्यांनी ब्रशने काढली. तासाभराने सायकल परत मिळाली तेव्हा ती दुकानात होती त्याहून लख्ख दिसत होती. "पाहा," साडू म्हणाले, "धुऊनही देल्ली."

आमचा मुक्काम किनाऱ्याजवळ एका बाईंच्या घरी होता. बाई पंचाहत्तरीच्या, एकट्या, उंच आणि काठीसारख्या सरळ. तिथल्या अंगणात साडू सायकल जोडायला बसले आणि जरा वेळाने त्यांचे हात थांबले. सीटचा दांडा आवळून धरणारा बोल्ट नव्हता. बारीकसारीक सामानाची एक पुरचुंडी त्यांनी बांधली होती आणि ती हरवू नये म्हणून तणसाच्या अगदी पोटात खुपसली होती. ती तणसाबरोबरच गेली. स्पर्धा दुसऱ्या दिवशी सकाळी होती, शनिवारची दुपार टळलेली, गावातलं सायकलीचं एकुलतं एक दुकान बंद. मला वाटलं, आता हे विमानतळाला शिव्या देतील. पण ते मांडी घालून तसेच बसून राहिले. "माजीच अक्कल," एवढंच म्हणाले. या माणसाला इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात बाई बाहेर आल्या. साडूंनी करंगळीचं पेर दाखवलं. "ओ माय, एवढा बोल्ट पायजे. बारीक आट्याचा." मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर बाईंनी मला हातानेच गप्प केलं आणि त्या साडूंना घेऊन मागच्या पडवीत गेल्या. तिथे त्यांच्या दिवंगत नवऱ्याची हत्यारं भिंतीवर ओळीने टांगलेली होती. पुढचा दीड तास ही दोघं बोलत होती. बाई इंग्रजीत, साडू झाडीबोलीत. "हा मोठा व्हते माय, दुसरा पाहा." बाई दुसरा काढून देत. मधे कशावरून तरी दोघं खो-खो हसली. कशावरून ते मला दोन्ही भाषा येत असूनही समजलं नाही. अखेर गवत कापायच्या जुन्या यंत्रातून एक बोल्ट निघाला. किंचित बारीक होता, म्हणून साडूंनी डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून भोवती गुंडाळली. मग अंधार पडेपर्यंत त्यांनी बाईंचं जमिनीला घासणारं फाटक काढून नीट बसवून दिलं.

सकाळी समुद्राचं पाणी एवढं गार होतं की रबरी पोशाख घालणं सक्तीचं होतं. तो पोशाख साडूंच्या मापाचा होता, पण पोटाच्या मापाचा नव्हता. शेवटी पोत्यात धान भरताना पोतं उचलून आपटतात तसं मी त्यांना काखेत धरून उचललं, आपटलं, आणि बाईंनी मागून चेन ओढली. किनाऱ्यावर आल्यावर साडू लाटांकडे पाहत राहिले. "साडभाऊ, हा त हालून राहिला! आपला तलाव कसा चूप राहते." मग त्यांनी पाण्याला हात जोडले आणि शिरले. ते दिसेनासे झाल्यावर पन्नास मिनिटं मी काय काय नवस बोललो ते इथे सांगत नाही. कचारगडच्या डोंगरापर्यंतचे सगळे देव मला आठवले. साडू बाहेर आले तेव्हा त्यांच्या मागे मोजून चार जण होते, पण पोहायला ठरवून दिलेली वेळ शाबूत होती.

सायकलीच्या तीन फेऱ्या होत्या. मी आणि बाई वळणावर उभे होतो. पहिल्या फेरीत साडू ताठ, दिमाखात गेले, हातही केला. दुसऱ्या फेरीत सीट वीतभर खाली आलेली होती. तिसऱ्या फेरीला ती पार तळाला बसली होती आणि त्यांचे गुडघे कानांशी येत होते. मोठा माणूस लहान मुलाच्या तीनचाकीवर बसावा तसे ते दिसत होते. मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण ते थांबले, उतरले, खिशातून पाना काढला, सीट वर ओढली, आवळली, निघाले. शंभर पावलांवर ती पुन्हा खाली बसली. पुढचं सगळं अंतर त्यांनी उभ्याने सायकल मारली. बाई माझा दंड घट्ट धरून उभ्या होत्या.

सायकल संपायच्या रेषेवर ते आले तेव्हा ठरलेली वेळ सहा मिनिटांनी टळून गेली होती. पांढऱ्या केसांचा एक अधिकारी पुढे आला, हळुवारपणे खाली वाकला आणि साडूंच्या घोट्याला बांधलेली वेळ मोजायची पट्टी सोडू लागला.

"साडभाऊ, हा काऊन काढून राहिला?"

ज्या एका कामासाठी ताईने मला पाठवलं होतं, ते काम आता समोर आलं होतं. इंग्रजीतलं त्याचं वाक्य पहिलीतल्या पोराला कळेल इतकं सोपं होतं. मला मात्र ते मराठीत आणायला वेळ लागला.

"वेळ संपली म्हणतात. पुढे जाता येणार नाही."

साडूंनी त्या माणसाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले, आणि त्याला नमस्कार केला. संध्याकाळी बाईंनी आमच्यासाठी मुद्दाम भात केला होता. तो भात म्हणजे जवळजवळ पेज होती. तांदळात जन्म गेलेल्या माणसाने तो एक शब्द न काढता दोनदा वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर साडू पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते.

"कुठे निघालात?"

"धावाचं राह्यलं ना."

"अहो, स्पर्धा काल संपली."

"स्पर्धा संपली. माजं धावनं कुठं संपलं?"

मी बाईंची बाजाराची सायकल घेतली, पुढच्या टोपलीत पाणी आणि केळी टाकली आणि त्यांच्या मागे निघालो. रस्त्यावर बाणांच्या खुणा होत्या. कामगार अडथळे आणि शंकूच्या आकाराच्या खुणा उचलून ट्रकमध्ये भरत होते. छातीवर कालचाच क्रमांक लावलेला हा मिशीवाला माणूस एकटाच धावत येताना पाहून ट्रकच्या ड्रायव्हरने काय ओळखलं कोण जाणे, त्याने गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि खाली ठेवलेल्या खुणा आम्ही जाईपर्यंत उचलल्या नाहीत. पंधराव्या किलोमीटरनंतर साडू धावत होते असं म्हणवत नाही. ते पडत होते आणि पडण्याआधी पुढचा पाय टाकत होते. "बसता का मागे?" हे शब्द दोनदा माझ्या ओठांवर आले. मी दोन्ही वेळा गिळले.

शेवटच्या वळणावर कालची कमान नव्हती, गर्दी नव्हती. बाई घडीची खुर्ची टाकून बसल्या होत्या. आम्हाला पाहताच त्या उठल्या, रस्त्याच्या मधोमध आल्या, बुटाच्या टाचेने डांबरावर एक जागा दाखवली आणि एकट्याच टाळ्या वाजवू लागल्या. साडूंनी त्या जागेवर पाय ठेवला आणि तिथेच बसकण मारली.

बऱ्याच वेळाने श्वास जागेवर आल्यावर ते समुद्राकडे पाहत म्हणाले, "नववीत होतो तवा बाबानं शाळेतून काढून मिलवर बसवलं. तवापासून सारे 'मालक, मालक' करतात. चूक केली तरी 'बरोबर हाये मालक'. काल त्या बुवानं तोंडावर सांगितलं, झालं नाही म्हनून. राग यायले पायजे होता, साडभाऊ. पन बरं वाटलं. वाटलं, आपन अजून शिकून राहिलो."

ज्यांच्या वहीवर लाल शाईने 'झालं नाही' असं लिहून मी घंटा होताच घरी निघून गेलो, अशी कितीतरी पोरं मला आठवत होती. त्यांच्यातलं कोण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून उरलेलं पूर्ण करायला बसलं असेल, हे पाहायला मी कधी थांबलोच नव्हतो. बाईंनी टॉवेल आणून साडूंच्या खांद्यावर टाकला, आणि आम्ही तिघं लाटांकडे पाहत बराच वेळ तिथे बसून राहिलो.