माणसासकट वजन

आयुष्यात एकदाही ट्रॅक्टरच्या सीटवर न बसता ट्रॅक्टर ओढीच्या शर्यतींवर अधिकाराने बोलणारा माणूस मुंबईत एकच असणार, आणि तो आमच्या ताईचा नवरा आहे. भांडुपच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या दाजींची सगळी नोकरी वजनकाटे दुरुस्त करण्यात गेली. अख्खा ट्रक तोलणारे, जमिनीत बसवलेले मोठे काटे. निवृत्तीनंतर ते फोनवर परदेशातल्या शर्यती बघू लागले. ट्रॅक्टरमागे लोखंडी घसरगाडी बांधतात. ती ओढावी तसं तिच्यावरचं ओझं पुढे सरकतं आणि ट्रॅक्टरला जड होत जातं. जो सगळ्यात लांब नेईल तो जिंकला. पण दाजींना ओढण्यात रस नाही, त्यांचा जीव गटांवर. कारखान्यातून आला तसा तो साधा गट. इंजिनात खटपट केलेला तो सुधारित. आणि चार-चार इंजिनं, प्रसंगी विमानाचंही बसवलेला, नांगराचं तोंड न पाहिलेला तो मोकाट. शिवाय प्रत्येक गटात वजनाची मर्यादा. मी स्वतः वाणसामानापासून टाकीच्या सफाईपर्यंत प्रत्येक गोष्टीची यादी करणारी बाई, पण दाजींपुढे मीही हात टेकले.

भाचीच्या लग्नात जेवणाच्या रांगेकडे बघत ते मला म्हणाले, "ते तिघं साधा गट. तो निळा कुर्ता बघ, सकाळपासून उपाशी राहून आलाय. सुधारित."

"अहो, हळू बोला, ते व्याही आहेत!" ताई कुजबुजली.

"व्याह्यांना वेगळा गट नसतो," दाजी म्हणाले.

सोसायटीच्या रस्सीखेचीला ते घरून काटा घेऊन उतरले, दोन्ही बाजूंचं वजन सारखं हवं म्हणून. बायकांनी काट्यावर चढायला साफ नकार दिला आणि रस्सी गुंडाळलेलीच राहिली. दाजींना त्याचं काही वाटलं नाही. "गट चुकला की जिंकणंही खोटं, समजलीस?" एवढंच मला ऐकवलं.

दोन वर्षांपूर्वी सांगलीकडच्या त्यांच्या गावात अशी शर्यत ठरली आणि गट पाडायला मुंबईहून दाजींना बोलावलं. आम्हीही गेलो. त्यांचा धाकटा भाऊ बाळू लहान गटात उतरणार होता. जुना ट्रॅक्टर त्याने सहा महिने खपून तयार केला होता. त्या गटात त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. मर्यादा दोन हजार किलोची, आणि दाजींचा नियम असा की वजन चालवणाऱ्यासकट करायचं. बाळू ट्रॅक्टरवर बसून काट्यावर आला. काट्याच्या केबिनमधून आकडा पुकारला गेला: दोन हजार अकरा.

"दादा, अकरा किलो रं," बाळू म्हणाला.

"अकरा म्हणजे अकरा. वरच्या गटात जा."

बाळूने ट्रॅक्टर काट्यावरून खाली घेतला. वरच्या गटात तो शेवटून पहिला आला. तो पुन्हा कुठल्या शर्यतीत उतरला नाही. ट्रॅक्टर शेतातच राहिला.

गेल्या महिन्यात मी भांडुपला गेले तर दाजी फोन हातात धरून बसलेले. पुतणीने त्या दिवसाचा व्हिडिओ उशिरा पाठवला होता. त्यात बाळू ट्रॅक्टरवर, आणि मागच्या चाकापाशी, "नीट बस, पाठ टेक," असं सांगत खुद्द दाजी काट्यावरच उभे. हातात हत्यारांची पिशवी. केबिनमधून आकडा येईपर्यंत ते हललेच नव्हते.

"माझं वजन चौसष्ट," ते म्हणाले. "पिशवी वेगळी. छत्तीस वर्षं लोकांना काट्यावरून खाली उतरवलं मी."

मी म्हटलं, "बाळूला फोन लावा." त्यांनी दोनदा नंबर काढून फोन ठेवून दिला. शेवटी मीच लावला आणि आवाज मोठा केला.

दाजींनी एका दमात सगळं सांगितलं.

"दादा, मला तवाच दिसलं हुतं."

"मग बोलला का नाहीस?"

"आख्ख्या गावानं तुला मानानं बोलावल्यालं. त्यांच्यासमोर तुला खाली उतर म्हणू व्हय?"

दाजींनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. ताई ओट्यापाशी हात थांबवून उभी होती. फोन कोणीच बंद केला नाही. पलीकडे कुठेतरी गाय हंबरत होती.

"जेवलास का रे?" दाजींनी विचारलं.