तोंड नको म्हणतं तेव्हा

आमच्या पॉलिटेक्निकच्या पोरांनी पाणी वाटणारा रोबो केला आणि चाचणीसाठी मी तो सेनगावच्या बसस्टँडवर आणला. ऊन मी म्हणत होतं, तरी तासाभरात एकानंही ग्लास उचलला नाही. रोबो विचारी, "पाणी घेता?" माणसं म्हणत, "नको, नको." की हा शहाणा लगेच पुढे. वायरी तपासून तपासून मी घामाघूम झालो.

जवळच्याच गोरेगावच्या जीपची वाट बघत एक मेंढपाळ म्हातारी करडू मांडीवर घेऊन बसली होती. तिनंही "नको" म्हटलं आणि रोबो वळताच पदर तोंडाला लावून खदाखदा हसली.

"काहून रे, एकदाच इचारून चालला? पाव्हण्याला असं इचारतेत व्हय?"

"मग किती वेळा विचारायचं, मावशी?" मी म्हणालो.

"ते मोजाचं नसतंय, सर. तोंड तर नकोच म्हन्तंय. हाताकडं बघावं. हात हालला की तहान हाय."

मी लॅपटॉप उघडून रोबोची नजर हातांवर आणली आणि त्याला परत तिच्याकडे धाडलं. "नको रे बाबा," ती म्हणाली. पण करडावरचा हात उचलला गेला, आणि रोबो थांबला. ती घटाघट पाणी प्यायली, उरलेलं तिनं ओंजळीतून करडाला पाजलं.

मग गाठोडं सोडून तिनं भाकरी काढली.

"नको मावशी, खरंच नको," मी म्हणालो.

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलंसुद्धा नाही. भाकरी हातावर पडली तेव्हा मला कळलं, हात मी केव्हाच पुढे केला होता.