कॅसेटमधला काशिराम

गाणाऱ्या माणसाचा लोक चेहरा पाहतात. मी काशिराम नाखवाची पाठ पाहिली. मी ड्रमवर असायचो, म्हणजे सगळ्यांच्या मागे, जिथे बसलेल्या माणसाचं नाव कोणी विचारत नाही. पण तिथून एक गोष्ट नीट दिसायची. काशिरामची मान सैल असली की ओळ जमणार. मानेच्या दोन शिरा वर आल्या की आज काही खरं नाही.

गेल्या महिन्यात बेलपाड्याच्या स्टुडिओत तो काचेपलीकडे माझ्याकडे पाठ करून उभा होता. केस पांढरे, शर्ट नवा, घडीच्या रेघा तशाच. मी त्याच्या मानेकडे बघत होतो आणि शिरा टरारून वर आल्या होत्या.

‘पानी चढलं गो, दिवा ला...’

आवाज फाटला. तिसऱ्या दिवशीही तिथेच, त्याच ‘लाव’वर.

आमचा ‘खाजण’ नावाचा रॉक बँड होता. पनवेलमध्ये, पंच्याण्णव साली. हसायचं असेल तर हसून घ्या, तेव्हाही लोक हसले होते. इंद्रजीत गिटारवर, मितेश बेसवर, मी अविनाश ड्रमवर. आम्ही तिघे कॉलेजातले, नोकरदारांची मुलं. गायला मात्र पनवेलच्या कोळीवाड्यातला काशिराम, जो भजनात गायचा आणि खाडीत होडीवरून हाका मारायचा. आम्ही एकच कॅसेट काढली, ‘उधाण’. ती अशी चालली की पनवेलपासून उरणपर्यंत एक हळद तिच्याशिवाय लागली नाही. तिच्यातलं त्याच नावाचं गाणं साधं: होडीवरचा नवरा किनाऱ्यावरच्या बायकोला हाक मारतो, पाणी चढलंय, दिवा लाव, एवढंच. पण ‘लाव’वर काशिरामचा आवाज असा काही वर जायचा की ऐकणाऱ्याच्या हातातलं काम थांबायचं. ती आजही लागते. आजच्या पोरींना बँडचं नाव माहीत नाही, ‘लाव’ माहीत आहे.

कॅसेट आल्यावर पुढच्या गणपतीत आमचे कार्यक्रम सुरू झाले आणि तिसऱ्याच कार्यक्रमात काशिरामचा आवाज ‘लाव’वर फाटला. मग चौथ्या. मग प्रत्येक. एका मंडळाच्या मांडवात तर मागून कोणीतरी ओरडलं, “अरे कॅसेट लावा, कॅसेट!” सगळा मांडव हसला. काशिरामची मान मला दिसत होती. तो माईक खाली ठेवून उतरला तो पुन्हा चढला नाही. आमच्यातलं कोणी त्याला जा म्हणालं नाही, तोच म्हणाला, “माजा आवाज गेला.” आम्हालाही ते खरंच वाटलं. महिनाभरात बँड बसला.

त्यानंतर त्या माणसानं काय काय केलं! ज्येष्ठमध चघळला, ओव्याची धुरी घेतली, सोमवारी मौन पाळलं. आंबट सोडलं. कोळ्याच्या घरात जन्मून सुकं सोडलं, बोंबील भाजला की बाहेर जाऊन बसायचा. नाक-कान-घशाच्या डॉक्टरनं सांगितलं, गळ्याला काही झालेलं नाही. तर म्हणाला, डॉक्टरला कळत नाही. पुढे बंदरात कंटेनर उतरवण्याच्या जागी नोकरी धरली, तीही क्रेनवाल्याला हातानं इशारे करायची. दिवसभर तोंड उघडायचं नाही. मी एकदा विचारलं, इतकी वर्षं घरातसुद्धा गुणगुणत नाहीस? म्हणाला, “हाय तेवडा जपतो. परत आला तर?” त्याला वाटायचं आवाज कुठे गावाला गेलाय.

त्याची बायको दमयंती पनवेलच्या बाजारात मासळी विकते. बोलायला फटकळ आणि मनानं आमच्या सगळ्यांपेक्षा मोठी. ती गाणं ऐकून त्याच्या प्रेमात पडली होती, पण कॅसेट निघायच्या आधी, खाडीवर. हळदीत कॅसेट लागली की ती उठून आत जायची. “त्यो कोन पोरगा गातो, मना ठाव नाय,” म्हणायची. आम्ही ते नवऱ्यावरचा राग समजायचो. तिला विचारायचं कोणाला सुचलं नाही.

आता इंद्रजीत परदेशातून परत आलाय, खारघरला मोठ्ठं घर घेतलंय आणि त्याला अचानक कॅसेटची तिशी साजरी करायची हुक्की आली. सगळी ‘उधाण’ नव्यानं रेकॉर्ड करायची, जुनेच चौघे, तोच सूर, तोच ताल. काशिरामला निरोप गेला तेव्हा तो माझ्या घरी आला आणि खुर्चीवर न बसता उभ्यानंच म्हणाला, “अवि, हे देवानं धाडलंय. या बारीला नाय जमलं तर मी गातच नव्हतो असं समजायचं.” त्याचे डोळे बघून मला भीती वाटली. एवढी आशा त्या वयात कोणाला असू नये.

तर तिसऱ्या दिवशीही आवाज फाटल्यावर इंद्रजीत गोडच बोलला. “काशा, टेन्शन नको घेऊ. रविवारी लास्ट ट्राय करू.” आणि मला जिन्यात गाठून हळूच, “आर्यनला सांगून ठेवलंय. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत होता तो. नाइलाज आहे रे.” इंद्रजीत वाईट नाही. त्याला सगळं वेळेत लागतं, एवढंच.

रविवारी सकाळी काशिरामला न्यायला गेलो तर तो दारात पेटी घेऊन उभा. कोळीवाड्यातल्या देवळाची हार्मोनियम, फडक्यात बांधलेली. पंच्याण्णव साली ‘उधाण’ची सुरुवात याच पेटीनं झाली होती. आमच्याकडे सूर लावायचं यंत्र कुठलं? गिटारसुद्धा हिच्यावरूनच लावल्या होत्या. रेकॉर्डिंग झालं आणि पेटी देवळात परत गेली. कार्यक्रमांना इंद्रजीतनं कीबोर्ड आणला आणि सूर कॅसेटवरून घेतला, कारण लोकांना सगळं कॅसेटसारखंच हवं होतं.

“ही संगती असली का जमल,” काशिराम म्हणाला. “तवा हिच होती.”

दमयंती ओट्यावर कोळंबी सोलत होती. वर न बघता म्हणाली, “अविभावजी, त्याला आज घरी नीट घेऊन या. गानं गेलं खड्ड्यात.”

स्टुडिओत रुचिरा म्हणून रेकॉर्डिंग करणारी मुलगी आहे. मोजकं बोलते. तिनं माईक लावला, काशिरामनं मांडी घालून पेटी उघडली, देवाला करतात तसा हात लावून नमस्कार केला आणि भाता हलवला. इंद्रजीतनं कॅसेटच्या सुराला लावलेल्या गिटारीची तार छेडली आणि तोंड वाकडं केलं. पेटी आणि गिटार जुळेनात. पेटी अर्धा सूर खाली होती.

“उतरलीये रे पेटी. देवळातली आहे, काय होणार?”

काशिरामचा चेहरा असा पडला की मला बघवेना. शेवटचा आधारही कुजका निघाला, असंच त्याला वाटलं असणार. रुचिरा मात्र एकेक पट्टी दाबत राहिली. “पेटी उतरते तेव्हा सगळ्या पट्ट्या एकसारख्या नाही उतरत हो,” ती म्हणाली. “ही स्वतःशी नीट आहे.” मग तिनं जुन्या कॅसेटची कॉपी लावली, सुरुवातीचा पेटीचा तुकडा, आणि हळूहळू तिचा वेग कमी करत गेली. कॅसेटमधली पेटी आणि समोरची पेटी एकमेकींत मिसळल्या तेव्हा ती थांबली. “त्या वेळी रेकॉर्डिंग कुठे केलं होतं? लाइटचा काही प्रॉब्लेम?”

आणि मला तो मिणमिणता बल्ब आठवला.

उरणच्या बर्फ कारखान्यात केलं होतं. मासेमारी बंदीचे दिवस, कारखाना बंद, भिंती जाड, आत चिडीचूप. मुंबईहून भाड्यानं टेपचं मोठं मशीन आणलं आणि वीज गेली ती दोन दिवस आली नाही. मग मांडववाल्याचा जनरेटर मागवला. तो बाहेर दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा चालायचा, बल्ब पिवळा पडायचा आणि आम्ही त्यावरही विनोद करायचो. वीज अशी मंद आली की मशीन हळू फिरतं, रुचिरानं सांगितलं. हळू फिरत्या मशीनवर भरलेलं गाणं पुढे मुंबईत बरोबर वेगानं वाजलं, त्याच्याच कॅसेटी निघाल्या. म्हणजे सगळंच थोडं पळालं आणि अर्धा सूर वर चढलं. गिटार, पेटी, माझे ड्रम, काशिरामचा गळा. पहिल्यांदा कॅसेट ऐकली तेव्हा काशिराम म्हणालाही होता, हा मी वाटत नाय. आम्ही त्याची समजूत घातली की आपलाच आवाज बाहेरून ऐकला की प्रत्येकाला परका वाटतो.

पेटी खरी होती आणि आम्ही कॅसेटवर विश्वास ठेवला. ज्या सुरात तो कधी गायलाच नव्हता, तो त्याच्याकडून दर कार्यक्रमात मागत राहिलो. मला इतका राग आला की हातातली काठी मी भिंतीवर फेकली. कोणावर रागवायचं तेच कळेना. जनरेटरवर?

“पुढं वाजव, बाय,” काशिराम म्हणाला.

रुचिरानं तो मंद केलेला ‘उधाण’ शेवटपर्यंत वाजवला. आवाज जरा भारदस्त होता, जरा सावकाश, खाडीवरून आल्यासारखा. ‘लाव’ आला. तिथे ताणलेलं काहीच नव्हतं. पोरगं नुसतं हाक मारत होतं, बायकोला ऐकू जाईल एवढीच. मी तीस वर्षांनी काशिरामला ऐकलं आणि मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

इंद्रजीत एकदम उठला. “अरे मग सोप्पं आहे! अर्धा सूर खाली घेऊ. काशा, तुझ्या सुरात गा. हेच खरं व्हर्जन म्हणून काढू!” त्यालाही मनापासून आनंद झाला होता. मितेशनं टाळी वाजवली. गिटारी उतरवल्या, पेटीशी जुळवल्या. काशिराम माईकसमोर गेला. त्याची पाठ माझ्याकडे होती आणि, खरं सांगतो, मान सैल होती.

पहिली ओळ घोगरी आली. आम्ही म्हटलं, होईल. दुसरीत श्वास पुरला नाही. ‘पानी चढलं गो’पाशी सूर हलला, सावरला, परत हलला आणि ‘लाव’ फाटला नाही, उठलाच नाही. तोंड उघडं होतं आणि त्यातून नुसती हवा येत होती. त्यानं परत केलं. परत. पाणी प्यायला, परत. रुचिरानं काचेमागून विचारलं, थोडं आणखी खाली घेऊ या का? तेही घेतलं. जपून ठेवलेल्या गळ्यात काही उरलं नव्हतं. जो आवाज त्या मांडवात गेला म्हणून तो रडला, तो गेला नव्हता. तो नंतर गेला, त्या सगळ्या गप्प सोमवारांत, क्रेनखाली हात हलवताना, रोज थोडा थोडा, आणि काशिरामला ते आम्हा सगळ्यांच्या आधी कळलं.

तो कानावरचे हेडफोन काढून बाहेर आला. “आर्यनला बोलव,” इंद्रजीतला म्हणाला. “पोरगा बरा हाय.” मग रुचिराकडे वळला. “बाय, त्यो हळू केलेला माज्या फोनात घालून दे.”

गाडीत तो पेटी मांडीवर घेऊन बसला. पनवेल येईपर्यंत एकच वाक्य बोलला. “अवि, आवाज हाय म्हनून गातच राहिलो असतो तर?” मी गाडी चालवत होतो. कोळीवाड्याचं वळण आलं, तिकडे वळवली.

घरी दमयंतीनं आमच्या तोंडाकडे बघितलं आणि चहा टाकायला आत गेली. काशिरामनं पेटी भिंतीशी ठेवली, ओट्यावर बसला आणि फोनवर ते गाणं लावलं. आतला भांड्यांचा आवाज थांबला. ‘लाव’ येऊन गेला. दमयंती दारात येऊन उभी राहिली, हातात चहाची गाळणी तशीच.

“यो तू हायस,” ती म्हणाली.

काशिरामनं होकारार्थी मान हलवली.

“खाडीवं असाच गायचास. असाच!” ती फोनकडे वाकली. “आज गायलास?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? मी खाली बघितलं.

“हो,” तो म्हणाला. “आज.”

दमयंतीनं गाळणी खाली ठेवली. पदरानं हात पुसले, मग डोळे. आणि त्याच्या समोर, जमिनीवर, नव्या नवरीसारखी नीट मांडी घालून बसली. “मंग माज्यासमोर गा येकदा,” ती म्हणाली. “मी किती वर्सं वाट बघतंय.”

काशिराम तिच्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलले. मग त्यानं फोन उचलला आणि गाणं परत पहिल्यापासून लावलं.